फुटबॉलमधल्या सहा नंबरचा खेळ : हाविएर माशेरानोच्या करिअरमधून तालुक्याच्या टीमनं काय घ्यावं?

काळीमाती (यवतमाळ)
राजेहो, पंधरा ऑगस्टच्या टूर्नामेंट आटोपल्या. कापसाचा पहिला वेचा सुरू होईपर्यंत पोट्टे संध्याकाळी मैदानावर जमतात, तेवढ्या दिवसांत सहा नंबरच्या (बचावफळीच्या अगदी पुढे खेळणाऱ्या मधल्या खेळाडूच्या) जागेवर नीट काम करता येतं. म्हणून हा धागा.

गावोगावच्या टीममध्ये एकच पद्धत दिसते. सगळ्यात जास्त दम असलेला पोट्टा बचावफळीच्या पुढे उभा करायचा. मग तो बॉल जाईल तिकडे धावतो. पहिल्या हाफला टाळ्या मिळतात, दुसऱ्या हाफला दम संपतो, मधला रस्ता मोकळा होतो आणि बोलणी स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) बसतात.

माशेरानोचं नाव घेण्याचं कारण म्हणजे मेहनती सहा नंबरचं त्याच्याइतकं पूर्ण उदाहरण सापडत नाही. जन्म ८ जून १९८४, सान लोरेन्सो. उंची १७४ सेंमी. अर्जेंटिनाच्या सीनियर टीमकडून जुलै २००३ मध्ये पहिला सामना खेळला तेव्हा रिव्हर प्लेटच्या पहिल्या संघातून तो अजून उतरलासुद्धा नव्हता. पुढे कोरिंथियन्स, वेस्ट हॅम, लिव्हरपूल, बार्सिलोना. देशासाठी १४७ सामने, गोल फक्त ३. वर्ल्ड कप चार : २००६, २०१०, २०१४, २०१८. ऑलिम्पिक सुवर्ण दोन : २००४ अथेन्स आणि २००८ बीजिंग. पण कोपा अमेरिकाच्या चार फायनल (२००४, २००७, २०१५, २०१६) आणि २०१४ ची वर्ल्ड कप फायनल, पाचही हरला.

लोक त्याची टॅकल (पाय घालून बॉल काढणं) लक्षात ठेवतात. माझं मत असं की त्याच्या खेळात टॅकल सगळ्यात शेवटी येते, आणि आपण पोट्ट्यांना शिकवायला तिथूनच सुरुवात करतो. जाणकारांनी लिहावं. पूर्ण मैदान, सात जणांचा खेळ, दोन्हींबद्दल चालेल.

---

मधली_फळी (काटोल)
चांगला विषय. २०१० आणि २०१४ हे दोन वर्ल्ड कप शेजारी ठेवले की सहा नंबरचं अर्धं शास्त्र कळतं. खेळाडू तोच, काम तेच, निकाल वेगळा.

२०१० ला कोच मॅराडोनाने त्याला मधे जवळजवळ एकटा ठेवला. एका बाजूला माक्सी रॉड्रिगेज, दुसऱ्या बाजूला दि मारिया, पुढे मेसी, तेवेज आणि इग्वाइन. पुढच्या तिघांपैकी मागे येणारं कोणी नाही, आणि बाजूचे दोघंही मनाने पुढचेच. लहान टीमांसमोर हे खपून गेलं. क्वार्टर फायनलला जर्मनी आली आणि ४-० झालं. पहिला गोल तिसऱ्याच मिनिटाला फ्री किकवर म्युलरच्या हेडरचा, तो सोडून द्या. तिसरा गोल मात्र सगळ्यांनी शोधून पाहावा. श्वाइनस्टायगर डाव्या बाजूने एकामागून एक खेळाडू मागे टाकत थेट डीमध्ये (गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत) घुसतो आणि फ्रीडरिखला आयता बॉल देतो. त्या वेळी अर्जेंटिनाच्या मधल्या फळीत जागाच जागा आहे. एक माणूस ६०-६५ मीटर रुंदी झाकू शकत नाही, मग त्याच्यात कितीही दम असो.

२०१४ ला कोच साबेयाने क्वार्टर फायनलपासून लुकास बिग्लियाला त्याच्या शेजारी खेळवलं. बाद फेरीचा हिशोब बघा. स्वित्झर्लंड १-० (जादा वेळेत), बेल्जियम १-०, नेदरलँड्स ०-० आणि पेनल्टीवर विजय, फायनलला जर्मनीसमोर गोट्झेचा गोल ११३ व्या मिनिटाला. म्हणजे बाद फेरीत तोपर्यंत एकही गोल खाल्ला नव्हता. मेसीचं नाव झालं, पण ती टीम मधल्या दोघांच्या जोरावर फायनलला गेली.

म्हणून तालुक्याच्या टीमला माझं पहिलं सांगणं : ४-३-३ मध्ये (आकडे बचावफळीपासून पुढे मोजायचे) एकटा सहा नंबर ठेवू नका. ४-२-३-१ किंवा साधं ४-४-२ घ्या. दोघांमधलं अंतर १० ते १२ मीटर, दोघांपासून स्टॉपर ८ ते १२ मीटर मागे. एक पुढे गेला की दुसऱ्याने तिरपं मागे यायचं, त्याच्या रेषेत राहायचं नाही. दोघं एका रेषेत असले की एका पासमध्ये दोघंही बाद.

---

वर्धाकाठ (आर्वी)
मधली_फळी भाऊ, जोडीचं पटलं. पण काळीमाती भाऊनं टॅकल शेवटी टाकली ते काही पटून नाही राहिलं. २०१४ च्या सेमी फायनलले नव्वद मिनिटं होऊन गेली होती, नेदरलँड्सच्या स्नायडरनं टाचेनं बॉल मागं दिला, रॉबेन डीमधी घुसला, अन् माशेरानोनं पाय घातला म्हणून वाचले. ते टॅकल नसती तं पेनल्टीपर्यंत गेलेच नसते. मंग पोट्ट्यायले ते शिकवाचं नाही तं काय शिकवाचं?

---

काळीमाती (यवतमाळ)
वर्धाकाठ दादा, शिकवायचीच. पण ती कशी झाली तेही पाहा. सावकाश लावून बघितली की तीन गोष्टी दिसतात.

एक, रॉबेनला बॉल मिळाला त्या क्षणी माशेरानो त्याच्या मागे होता. म्हणजे सहा नंबरचं मूळ काम, पास व्हायच्या आधी रस्ता अडवणं, तिथे हुकलेलं होतं. दोन, तो रॉबेनच्या अंगावर धावला नाही. बॉल आणि गोल यांच्यामधली जागा गाठायला धावला. रॉबेन डाव्या पायाचा, शॉट डाव्याच पायाने येणार हे ठरलेलं, म्हणून त्या पायाच्या पुढ्यात पोचायचं. तीन, रॉबेनने एक टच जास्त घेतला. बॉल पायापासून सुटतो तेवढ्याच वेळेत माशेरानोने पाय लांबवला. अर्धा सेकंद आधी घसरला असता तर रॉबेन बॉल ओढून बाजूला झाला असता, उशीर झाला असता तर पेनल्टी.

सतरा वर्षांच्या पोट्ट्याला यातली तिसरी गोष्ट शिकवता येत नाही, ती सामने खेळून येते. पहिल्या दोन महिनाभरात येतात. रोज वीस मिनिटं द्यायची असतील तर कुठे द्यायची, एवढाच माझा मुद्दा.

---

स्टड_आणि_शेण (उमरेड)
घसरून टॅकलबद्दल मैदानाच्या बाजूने लिहितो. आपल्याकडचं निम्मं नुकसान तिथेच होतं.

काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. फेब्रुवारीपासून मैदानाला भेगा पडतात, एप्रिलपर्यंत स्टड (बुटाच्या तळव्याचा खिळा) आरपार जाईल एवढ्या होतात. अशा जमिनीवर घसरलं की मांडी आणि गुडघा सोलून निघतो, ते तरी आठवड्यात भरतं. खरा धोका अडकलेल्या पायाचा. स्टड भेगेत रुतला, अंग फिरलं, की घोटा किंवा गुडघ्याचा लिगामेंट गेला. मुरूम टाकलेल्या मैदानावर भेगा कमी, पण खडे जास्त, तिथेही घसरू नये.

उन्हाळ्यात लांब पात्यांचे स्टड घालू नका. बारीक रबरी गोळ्यांचा टर्फ सोल किंवा आखूड गोल स्टड. पावसाळ्यात उलट, लांब स्टड पाहिजे, नाहीतर उभं राहता येत नाही. चिकण माती तळव्याला लोंद्याने चिकटते आणि स्टड असून नसल्यासारखे होतात. हाफ टाइमला काडीने खरवडायचे, सामन्याआधी तळव्यावर तेलाचा हात फिरवला तर काही वेळ माती कमी धरते. भेगा भरायच्या तर वाळू मिसळलेल्या बारीक मातीने. गिट्टी कधीच नाही. पुढच्या पावसाळ्यात माती फुगून ती वर येते आणि मग मैदानभर गिट्टी.

म्हणजे जून ते सप्टेंबर सोडले तर आपल्या सहा नंबरने उभ्यानेच बॉल काढायला शिकलं पाहिजे. गुडघा वाकलेला, घोटा घट्ट, पायाची आतली बाजू बॉलच्या मधोमध, वजन पुढे. पाय सैल ठेवून नुसता पुढे केला की घोटा दुखावतो आणि बॉलही जातो.

---

मधली_फळी (काटोल)
याला जोडून, अंगावर जायचं कसं ते. पोट्टे सरळ रेषेत पूर्ण वेगाने जातात आणि समोरचा एका टचमध्ये त्यांना बाद करतो. जाताना थोडं वळण घेऊन जायचं, म्हणजे मधला पास आपल्या अंगामागे झाकला जातो. शेवटचे दोन-तीन मीटर पावलं आखूड करून वेग मारायचा. अंग तिरकं, एक पाय पुढे, नजर बॉलवर, समोरच्याच्या कंबरेवर किंवा चेहऱ्यावर नाही. त्याला साइडलाइनकडे किंवा कच्च्या पायाकडे ढकलायचं. बॉल काढला नाही तरी चालतं. त्याला मागे पास द्यायला लावला तरी काम झालं.

दुसरं, मान. बॉल येण्याआधी डाव्या-उजव्या खांद्यावरून मागे पाहणं. सरावात मागे उभं राहून हात वर करायचा, बोटं किती ते पोट्ट्याने बॉल घेण्याआधी मोठ्याने सांगायचं. पंधरवड्यात सवय लागते.

---

शिट्टी (गोंदिया)
कार्डाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पंचांशी सगळ्यात जास्त गाठ सहा नंबरचीच पडते.

मार्च २००८, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल, ओल्ड ट्रॅफर्ड. माशेरानोला सुरुवातीलाच फाऊलसाठी पिवळं मिळालेलं. हाफ टाइमच्या तोंडावर टोरेसला कार्ड दिलं, त्याबद्दल हा पंचांना जाब विचारायला गेला आणि दुसरं पिवळं घेऊन बाहेर पडला. स्वतःशी संबंध नसलेल्या कार्डावरून. लिव्हरपूल ३-० ने हरलं. २०१३ ला इक्वेडोरविरुद्ध वर्ल्ड कप पात्रता सामन्यात मैदानाबाहेर नेणाऱ्या गाडीच्या चालकाला लाथ मारली म्हणून थेट लाल. एवढ्या शिस्तीच्या खेळाडूकडूनही हे घडलं.

दुसरं उदाहरण फ्रान्सच्या कांतेचं. २०१८ च्या वर्ल्ड कप फायनलला २७ व्या मिनिटाला पिवळं मिळालं. कोच देशाँने ५५ व्या मिनिटाला त्याला काढून एन्झोंझीला आणलं. फ्रान्स ४-२ ने जिंकलं. देशाँ स्वतः याच जागेवर खेळलेला, त्यामुळे कार्ड असलेला सहा नंबर किती बांधला जातो हे त्याला ठाऊक होतं. आपल्याकडे त्याच पोट्ट्याला शेवटपर्यंत ठेवतात आणि सत्तराव्या मिनिटाला टीम दहावर येते.

आता नियम. जर्सी ओढून हल्ला थांबवला की पिवळं, कितीही दूर असो. स्पष्ट गोलची संधी फाऊलने मोडली तर लाल. पण २०१६ पासून, डीच्या आत खरोखर बॉलसाठी प्रयत्न करताना फाऊल झाला तर पेनल्टी आणि पिवळं. हात धरला, ओढलं, ढकललं तर डीमध्येही लालच. पंचांशी बोलायचं तर कॅप्टनने, खेळ थांबलेला असताना, हात मागे ठेवून. कॅप्टनला काही खास हक्क असतात असं नाही, पण ऐकून घेतलं जातं.

---

वर्धाकाठ (आर्वी)
शिट्टी सर, ते २००७ ची फायनल बी सांगा ना. काका वाली.

---

शिट्टी (गोंदिया)
ते मधली_फळी चांगलं सांगतील, पण थोडक्यात. चॅम्पियन्स लीग फायनल, अथेन्स, लिव्हरपूल विरुद्ध मिलान. मिलानचा खेळाडू काका, त्याला जागा मिळू द्यायची नाही हे माशेरानोचं काम होतं. पिर्लोची फ्री किक इन्झागीच्या अंगाला लागून हाफ टाइमच्या आधी गोल झाला. ७८ व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या कोच बेनितेझने गोल काढण्यासाठी माशेरानोला बाहेर घेऊन क्राउचला आणलं. चार मिनिटांनी काकाला मोकळी जागा सापडली, इन्झागीला पास, २-०. कुइटचा गोल ८९ व्या मिनिटाला आला, उशीर झाला होता.

---

मधली_फळी (काटोल)
हेच. आणि बेनितेझ चुकला असंही म्हणता येत नाही, मागे असलेल्या टीमला माणूस पुढे पाठवावाच लागतो. पण सहा नंबर काढला तर त्याची जागा कोण धरणार हे त्याच वेळी ओरडून सांगायला हवं. आपल्याकडे बदली करताना फक्त ‘तू बाहेर ये, तू आत जा’ एवढंच होतं. उरलेल्या मधल्या खेळाडूला ‘आता तू मागे’ हे कोणी सांगत नाही.

---

काळीमाती (यवतमाळ)
जोडीने सरकण्याचा एक सराव देतो. दहा पोट्टे आणि एक बॉल पुरतो.

३० मीटर लांब, २० मीटर रुंद आयत आखा. लांबीचे तीन पट्टे : १२, ६, १२. खुणांना विटांचे तुकडे ठेवू नका, पाय मुरगळतो. जुन्या ट्यूबचे तुकडे किंवा चुना. दोन्ही टोकांना चार-चार पोट्टे, मधल्या सहा मीटरच्या पट्ट्यात दोन सहा नंबर. टोकाच्या चौघांनी आपसात जास्तीत जास्त सहा पास करून बॉल जमिनीवरून मधल्या पट्ट्यातून पलीकडे पोचवायचा. डोक्यावरून नाही. मधल्यांनी पट्टा सोडायचा नाही. बॉल कापला की पास देणारा आणि त्याचा शेजारी मधे. तीन मिनिटं खेळ, दीड मिनिट विश्रांती, असे पाच.

चुका दोनच प्रकारच्या होतात. दोघंही बॉलकडे ओढले जातात, मग पलीकडची बाजू उघडी. किंवा दोघांत सहा मीटरपेक्षा जास्त फट पडते आणि पास मधून जातो. बाहेरून गेलेला पास माफ करा, मधून गेलेला मोजा. बॉलकडचा एक पाऊल पुढे, दुसरा दोन-तीन पावलं तिरपं मागे. हे तोंडाने सांगून होत नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस खेळ हळू ठेवा, बॉल चालत फिरवा. मधल्या दोघांनी सतत बोललं पाहिजे : ‘मी’, ‘मागे’, ‘डावा’. गप्प जोडी कधीच एकत्र सरकत नाही.

आठवड्याभरात पट्टा सहाचा आठ मीटर करा. मग खरं अवघड होतं, कारण त्यांच्या मागे पण बॉल घेणारा उभा राहू शकतो. तिथे एक जास्तीचा पोट्टा सोडा.

---

ताक_मीठ (वणी)
दमाबद्दल. मोठ्या सामन्यात मधल्या फळीचा खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर जातो, पण त्यातलं बहुतेक चालणं आणि हळू धावणं असतं. मधे मधे छोटे जोराचे झटके. म्हणून डांबरी रस्त्यावर सकाळी दहा किलोमीटर पळवण्याचा फारसा उपयोग नाही, नडगी तेवढी दुखायला लागते. १५ सेकंद जोरात, १५ सेकंद हळू, असं आठ मिनिटं. तीन मिनिटं थांबून पुन्हा आठ. आठवड्यात दोनदा. वळणं असू द्या, सरळ रेषेत नको.

एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत मैदान सोडा. पारा ४५ च्या वर जातो आणि संध्याकाळी सहालाही जमीन भट्टीसारखी तापलेली असते. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये फोर्तालेझाला नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात पाणी पिण्यासाठी खेळ अधिकृतपणे थांबवला होता. तिथे होऊ शकतं तर आपल्या टूर्नामेंट कमिटीने प्रत्येक हाफच्या मधोमध तीन मिनिटं द्यायला काय हरकत? दर १५-२० मिनिटांनी १५० ते २०० मिली. घरचं ओआरएस : एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त टाकलं की फायदा नाही, नुकसान होतं. ताक सामन्यानंतर, सामन्यात नको. घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर सावलीत न्यायचं, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा, आणि सरळ ग्रामीण रुग्णालय. बाकावर बसवून ‘पाहू थोडं’ करायचं नाही.

---

स्टड_आणि_शेण (उमरेड)
२०१४ च्या त्याच सेमी फायनलची आणखी एक गोष्ट, जी शिकू नये. पहिल्या हाफला विनाल्डमशी डोकं आपटून माशेरानो डगमगला आणि खाली बसला. थोड्या वेळाने परत खेळला. लोक त्याला शूरपणा म्हणतात. त्या वर्ल्ड कपनंतर त्याच वर्षी फिफाने डोक्याला मार लागल्यास तपासणीसाठी तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवायची मुभा दिली, ती उगाच नाही. अशा माराला वेगळी बदली देण्याची सोयही आता नियमात आली आहे, स्पर्धेने ती स्वीकारली तर.

आपल्याकडे डॉक्टर नसतो. मग नियम एकच ठेवा : डोक्याला मार लागून डगमगला, डोळे स्थिर नाहीत, स्कोअर सांगता येत नाही, उलटी झाली, यातलं एकही दिसलं की त्या दिवशी खेळ बंद. मोटरसायकलवर एकट्याला घरी पाठवू नका. त्याच्या घरच्यांना सांगा.

---

वर्धाकाठ (आर्वी)
आमच्याकडं सहा नंबरले सगळे उंच पोट्टा पाहून राहिले. माशेरानो १७४ चा, अन् बार्सिलोनानं तं त्याले स्टॉपर केला. ते कसं जमलं?

---

मधली_फळी (काटोल)
२०१० ला तो बार्सिलोनाला गेला तेव्हा सहा नंबरवर बुस्केट्स होता, १८९ सेंमीचा. सुरुवातीचे महिने बाकावर गेले. मग कोच ग्वार्दिओलाने त्याला मागे घेतलं, आणि २०११ ची चॅम्पियन्स लीग फायनल तो पिकेच्या शेजारी स्टॉपर म्हणून खेळला. जमलं कारण ती टीम बॉल स्वतःकडे ठेवायची आणि बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत वर चढायची. त्यामुळे त्याला डीमध्ये उंच बॉल कमी, आणि मोकळ्या जागेत मागे धावणं जास्त. अंदाज आणि वेग कामाला आला. बार्सिलोनासाठी ३३४ सामने आणि गोल एक, ओसासुनाविरुद्ध २०१७ ला, पेनल्टीवर. आपली टीम डीत बसून लांब बॉल मारणारी असेल तर १७४ चा स्टॉपर अडचणीत येईल. सहा नंबरला मात्र उंची अडत नाही. कांते १६८ चा आहे. उंच गोलकिकसाठी दुसऱ्या मधल्याला उभं करायचं, आणि बुटक्याने खाली पडणाऱ्या बॉलच्या जागी आधी पोचायचं. आपल्या मैदानांवर तर हेडरपेक्षा दुसऱ्या टप्प्याचे बॉल जास्त.

अंदाज आणि वेग यांतला वेग गेला की काय होतं ते २०१८ ला दिसलं. वय ३४, क्लब चीनमधला हेबेई. क्रोएशियाकडून ३-०, फ्रान्सकडून ४-३. एम्बापेच्या त्या लांब धावा पाहा, अर्जेंटिनाची मधली फळी वळेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो. सामना संपताच माशेरानोने देशाच्या टीमचा निरोप घेतला. त्या वयात जागा माहीत असते, पण तिथे पोचायला एक पाऊल कमी पडतं. गावच्या टीममध्ये पस्तिशीचा जुना खेळाडू सहा नंबरवर ठेवत असाल तर त्याच्या शेजारी पळणारा पोट्टा द्या आणि बचावफळी पाच मीटर मागे घ्या.

---

डे_नाइट (पुसद)
सात जणांच्या टूर्नामेंटसाठी कोणी लिहिलं नाही अजून. ६० बाय ४० च्या मैदानावर दोन सहा नंबर परवडत नाहीत.

---

काळीमाती (यवतमाळ)
बरोबर, सातमध्ये एकच. २-३-१ लावा आणि तिघांतला मधला हा सहा नंबर. त्याला दोन अटी. बॉल विरुद्ध टीमकडे असताना त्याने मैदानाच्या रुंदीचे तीन भाग केले तर त्यातला मधला भाग सोडायचा नाही, साइडलाइनला बाजूचा मधला जाईल. आणि आपला कॉर्नर असताना तो मधल्या रेषेजवळच राहील, विरुद्ध टीमने पुढे ठेवलेल्या खेळाडूच्या गोलकडच्या बाजूला. सातमध्ये निम्मे गोल आपल्याच कॉर्नरवरून उलटतात, कारण सगळे पुढे गेलेले असतात. गोलकीपरने बॉल धरला की पहिला पास त्याला देऊ नका, पाठ गोलकडे असते आणि लगेच दोघं अंगावर येतात. पहिला पास बाजूला, दुसरा त्याच्याकडे, तोपर्यंत तो वळून उभा असतो.

डे-नाइटला दवामुळे मैदान ओलं होतं, रात्री नऊनंतर बॉल घसरतो. त्या वेळी उभ्या टॅकललाही पाय अर्धा सेकंद आधी घालायचा मोह होतो. पोट्ट्याला सांगा, एक पाऊल मागे राहून थांब, बॉल तुझ्याकडेच घसरत येतो.